ब्लड कॅन्सरचं मेंटेनन्स घरी चालू असताना या चुका टाळा (१३ ते १९ वयाच्या पेशंटसाठी)

एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) या ब्लड कॅन्सरच्या उपचारात सुरुवातीचे जड महिने सरले की मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून चालणारी हलकी केमो, सुरू होतं. ते दीड-दोन वर्षं चालतं. केस परत येतात, शाळा-कॉलेज सुरू होतं, गोळ्या घरीच घ्यायच्या असतात. इथे घोळ होतात ते बहुतेक पेशंटच्याच हातून, म्हणून हे आई-बाबांसाठी नाही, तुमच्यासाठी लिहिलं आहे.

ताप आल्यावर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा जखमेत पू होत नाही, घसा लाल दिसत नाही. जंतुसंसर्गाची खूण म्हणून उरतो तो फक्त ताप. क्रोसिनमधल्या पॅरासिटामॉलने तोही झाकला जातो आणि जंतू रक्तात पसरत राहतात.

आधी मोजा. काखेतला घाम पुसा, डिजिटल थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध ठेवा, हात घट्ट मिटा, बीप वाजेपर्यंत हलू नका. साधारणपणे एकदा १०१ अंश फॅरनहाइट, किंवा तासाभराच्या अंतराने दोनदा १००.४ आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. तुमच्या फाइलवर वेगळा आकडा लिहिला असेल तर तोच पाळा. कॅज्युअल्टीत पोहोचताच ‘केमो चालू आहे, ताप आहे’ हे पहिलं वाक्य बोला, कारण शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. डेक्साच्या (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या) दिवसांत ताप चढतच नाही कधीकधी; नुसती हुडहुडी भरते, गळून गेल्यासारखं होतं. पिक लाइन किंवा केमोपोर्ट (केमो देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यावर, म्हणजे धुतल्यावर, थंडी वाजली तर लाइनमध्येच जंतू असण्याची शक्यता असते. तेव्हाही निघायचं.

सीबीसी रिपोर्टमध्ये फक्त टक्केवारी बघणं

टक्के फसवतात. एकूण डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) १,२०० आणि त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ३० टक्के असतील तर गुणाकार करा: १,२०० × ०.३० = ३६०. हा झाला एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची खरी संख्या. तो ५०० च्या खाली असेल तर गर्दी, गाड्यावरची पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस बंद. (मित्रांसोबत जायचंच असेल तर समोर तळलेला गरम वडा घ्या, चटणी सोडा.)

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या नगावर मोजणं

समजा मेथोट्रेक्सेट या केमोच्या गोळीचा तुमचा डोस आठवड्यातून एकदा ३० मिलीग्रॅम आहे. २.५ च्या गोळ्या असतील तर १२ घ्याव्या लागतात. केमिस्टने या खेपेला १० च्या दिल्या आणि सवयीने १२ घेतल्या, तर पोटात १२० मिलीग्रॅम जातात. म्हणून दर वेळी पट्टीवरचा आकडा वाचा, मिलीग्रॅममध्ये हिशेब करा. वार एकच ठेवा. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात आणि जीवावर बेततं.

सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) ही केमोची दुसरी गोळी मात्र रोजची. शनिवार-रविवारी झोप लागली, सहलीला डबी विसरली, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडली, असं होतं. अमेरिकेतल्या अभ्यासात ९५ टक्क्यांहून कमी डोस घेतलेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका बराच वाढलेला दिसला. ९५ टक्के म्हणजे किती? महिन्यात दोन डोस चुकले तरी तुम्ही त्या रेषेखाली जाता. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढू नका. चुकला तर ओपीडीत खरं सांगा. नाहीतर पेशी वाढल्या की डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय, आणि ते वाढवतात.

सेप्ट्रान ‘साधी अँटिबायोटिक’ म्हणून टाळू नका, ती एका गंभीर न्यूमोनियापासून वाचवते. अंगदुखीला कॉम्बिफ्लाम नको: त्यातल्या आयबुप्रोफेनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि मेथोट्रेक्सेट शरीरात साचू शकतं. आजीचा गुळवेलीचा काढाही नम्रपणे नाकारा. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवले आहेत, आणि तुमच्या लिव्हरवर आधीच दोन औषधांचा भार आहे.

वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी वॉर्डला फोन करा, अंगावर पुरळ यायची वाट बघू नका.

लाजेपायी न सांगणं

व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या इंजेक्शननंतर संडासला होत नाही. दोन दिवस झाले की सांगा. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध घरी वापरू नका, आतल्या नाजूक त्वचेतून जंतू रक्तात शिरतात. मुलींनो, पाळीत तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल तर प्लेटलेट तपासायला हवेत. मुलांनो, एक अंडकोष मोठा किंवा कडक लागला, दुखत नसला तरी, लगेच दाखवा: हा आजार तिथे परत येऊ शकतो. आई-बाबांसमोर बोलणं जमत नसेल तर ‘मला पाच मिनिटं तुमच्याशी एकट्याने बोलायचंय’ असं डॉक्टरांना सरळ म्हणा.