वक्तृत्व स्पर्धांवरचे लेख वाचताना या चुका टाळा

पुण्यात कॉलेजं सुरू झाली की वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांच्या बातम्या, तयारीचे लेख, जुने निकाल भराभर फिरू लागतात. त्यांवर विसंबून भाषण बसवण्याआधी त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला, हे बघा. भाषा सफाईदार असली म्हणून माहिती खरी ठरत नाही.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे एका स्पर्धेचा नियम सगळ्या स्पर्धांना लावणं. ‘भाषण 5 ते 7 मिनिटांचं असावं’ हे अनेक लेखांत वाचायला मिळतं. भाषणकलेचा सराव करून घेणाऱ्या टोस्टमास्टर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भाषण स्पर्धेचा तो नियम आहे. तिथे साडेचार मिनिटांपेक्षा कमी किंवा साडेसातपेक्षा जास्त बोललात तर बाद. 5, 6 आणि 7 मिनिटांना हिरवा, पिवळा, लाल इशारा मिळतो. त्याच संस्थेच्या आयत्या वेळी विषय देणाऱ्या स्पर्धेत मर्यादा 1 ते 2 मिनिटांची आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिली घंटा कधी होणार, जादा वेळेचे गुण कापणार की नाही, हे त्या स्पर्धेचं नियमपत्रक ठरवतं, तेही त्या वर्षीचं. मिनिटं दिली आहेत पण स्पर्धेचं नाव आणि वर्ष नाही, असा आकडा सोडून द्या.

तीन ठिकाणी तेच छापून आलं म्हणजे तीन पुरावे झाले, असंही नाही. बहुतेकदा आयोजकांची एकच प्रेसनोट सगळीकडे गेलेली असते. ओळखायचं कसं? स्पर्धकाच्या नावातली तीच चूक, तीच वाक्यं, परीक्षकांच्या नावांचा तोच क्रम दिसला की तो एकच स्रोत धरा.

प्रकारांची सरमिसळही खूप होते. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला निमंत्रित वक्त्यांची आहे, तिथे क्रमांक काढत नाहीत. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा. ‘पुण्यातल्या वक्तृत्व स्पर्धा’ या यादीत ही दोन नावं दिसली तर बाकीची यादीही तपासूनच घ्या.

निकालांत विसंगती दिसली की लगेच कुणाला खोटं ठरवू नका. एका बातमीत एक कॉलेज ‘विजेतं’, दुसरीत भलत्याच कॉलेजचा विद्यार्थी ‘पहिला’, आणि दोन्ही बरोबर असू शकतं. सांघिक करंडक अनेक ठिकाणी संघातल्या दोघांच्या गुणांच्या बेरजेवर देतात, वैयक्तिक क्रमांक वेगळा असतो. ‘जागतिक स्पर्धेत पहिला’ असं लिहिलं असेल तर कोणत्या फेरीत, ते शोधा: उपांत्य फेरीतला पहिला म्हणजे जगज्जेता नव्हे. वर्षही पाहा. टोस्टमास्टर्सच्या जागतिक स्पर्धेत ॲरन बेव्हर्ली हे वक्ते 2016 मध्ये दुसरे होते आणि 2019 मध्ये पहिले.

तयारीच्या लेखांत ‘लोकांना मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त’ हे ठरलेलं वाक्य असतं. त्याचं मूळ 1973 च्या एका अमेरिकन पाहणीत आहे. यादीतल्या ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते त्या सगळ्या निवडायच्या होत्या. सुमारे 41 टक्क्यांनी भाषण निवडलं आणि 19 टक्क्यांनी मृत्यू. कशाची भीती जास्त, हे विचारलंच नव्हतं. 2012 मध्ये तिथल्याच कॉलेज विद्यार्थ्यांना तसं विचारलं, तेव्हा मृत्यू वर आला. टक्केवारी दिसली की प्रश्न काय होता, ते आधी शोधा.

तारीख नसलेल्या लेखात ‘येत्या रविवारी’ असेल तर तो फार जुना असू शकतो. तारीख आणि वार दोन्ही दिले असतील तर कॅलेंडरशी जुळवा. जुळले नाहीत तर जुन्या मजकुरात फक्त तारीख बदललेली असते, असं बऱ्याचदा निघतं. अशा वेळी पत्रकावरच्या संयोजकांना फोन करा आणि प्रवेशिकेची मुदत, वेळ, संघातल्या स्पर्धकांची संख्या आणि कॉलेजच्या बोनाफाईडची गरज या चार गोष्टी विचारून लिहून घ्या.