लाल दिसला म्हणून तपकिरी बटू होत नाही

कृत्तिका आणि रोहिणीच्या आसपास वृषभेत धुळीचे ढग पसरले आहेत, आपल्यापासून सुमारे १४० पार्सेकवर (जवळपास ४५० प्रकाशवर्षांवर). तिथले बरेचसे तारे जेमतेम १०-२० लाख वर्षांचे. तपकिरी बटू, म्हणजे सूर्याच्या ०.०७५ पटीहून कमी वस्तुमानाचे, हायड्रोजन नीट पेटवू न शकलेले अर्धवट तारे, शोधायला जागा झकास, कारण या वयात ते अजून तापलेले आणि ठळक असतात. पण टूमास या अवरक्त सर्वेक्षणाच्या यादीतून लालभडक ठिपके वेचले की झालं, असं समजणारा हमखास फसतो. मीही फसलोय.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे लाली ताऱ्याची की धुळीची, हे न तपासणं. एम-७ या थंड, लालसर वर्गाच्या बटूचा जे-के रंग (जे आणि के या अवरक्त पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक; जितका जास्त तितकं लाल) मुळात १.१ च्या आसपास. ढगामागच्या राक्षसी ताऱ्याचा बहुधा त्याहून कमीच; पण वाटेत धुळीनं केलेलं दृश्य प्रकाशातलं १० प्रतींचं (प्रत हे तेजाचं माप) शोषण आलं की त्यात १.७ ची भर पडते आणि म्हातारा तान्ह्यांच्या पंगतीत येऊन बसतो. माझ्या पहिल्या यादीतला अव्वल उमेदवार असाच निघाला! जे-एच विरुद्ध एच-के (एच हा मधला पट्टा) आलेख काढा, धूळ ज्या दिशेनं सरकवते त्या लालीच्या रेषेवरून बिंदू मागे सरकवा, मग बोला.

वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. तिथे एक ठिपका साधारण ६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), २२ मायक्रॉन तरंगलांबीला तर १२ विकलांचा. टूमासमध्ये वेगळे दिसणारे दोन तारे इथे एक होतात आणि ताऱ्याभोवती नसलेली धुळीची चकती 'सापडते'. कधी ती चमक नुसती तेजोमेघाची असते. प्रतिमा उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीत नाही म्हणून उमेदवार काढून टाकू नका. गाया दृश्य प्रकाशात बघायची, ढगात खोल दडलेले तिला दिसलेच नाहीत.

शेवटी वर्णपट हवाच. नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) सहभाग असलेला टॅनस्पेक हा अवरक्त वर्णपटमापक त्यासाठी आहे. कोवळ्या बटूचा एच पट्टा पाण्याच्या वाफेमुळे त्रिकोणी दिसतो, सोडियमच्या रेषा क्षीण असतात. मात्र १.४ आणि १.९ मायक्रॉनजवळ आपल्याच वातावरणातली वाफही प्रकाश खाते. तुलनेचा ए-० तारा (तापलेला, ज्याच्या स्वतःच्या वर्णपटात वाफ नसते असा) आकाशात तेवढ्याच उंचीवर, लगेच आधी किंवा नंतर घेतला नसेल, तर तो त्रिकोण हिमालयातल्या दमट हवेचा असू शकतो.