शेत मोबाईलवर आलं, पण हिशेब जुळत नाही? या चुका टाळा

नकाशात बाग नेमकी बसली आहे, तरी हंगामाअखेर उत्पन्नाचे आकडे जुळत नसतील, तर अ‍ॅप बदलण्याआधी एक्सेलचा तक्ता उघडा. गोंयचे सर्वे नंबर १२/३, १४५/२ असे लिहिले जातात. एक्सेल १२/३ ला तारीख समजून मुकाट्याने बदलून टाकतं. १४५/२ तसाच राहतो, म्हणून चूक पटकन दिसत नाही. तक्ता क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक प्रोग्रॅममध्ये नकाशाला जोडला की नेमके बदललेले तुकडे रिकामे येतात. मागाहून कॉलम ‘टेक्स्ट’ केला तर पाच आकडी संख्या उरते, नंबर परत मिळत नाही. म्हणून आकडे भरण्याआधीच कॉलम ‘टेक्स्ट’ करा. तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळे केलेले आकडे असलेली साधी) फाईल असेल तर ती डबल-क्लिक करून उघडू नका, ‘डेटा’ मेनूतून आत घ्या आणि तिथेच हा कॉलम ‘टेक्स्ट’ ठरवा. त्याहून बरं म्हणजे सर्वे नंबर आणि सब-डिव्हिजन (तिरक्या रेघेनंतरचा आकडा) वेगळ्या कॉलमात लिहा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा कोड द्या. तो एकदा दिला की बदलायचा नाही.

शेत भलतीकडे दिसतंय? १५°३०′ (१५ अंश ३० मिनिटं) म्हणजे १५.५० अंश, १५.३० नव्हे. या एका गफलतीने पणजीजवळचं शेत सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला, मडगावच्या बाजूला जातं. अक्षांश-रेखांश उलटे पडले तर ते थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात. ही चूक परवडली, निदान लगेच कळते.

हद्द चालत मोजताना मात्र सावध राहा. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ३ ते ५ मीटर चुकतो, माडा-पोफळींच्या दाट सावलीत त्याहून जास्त. ४० × २५ मीटरचा तुकडा चारही बाजूंनी ३ मीटर बाहेर सरकला तर १००० ऐवजी १४२६ चौरस मीटर भरतो आणि दर चौरस मीटरचं उत्पन्न उगाच कमी दिसतं. प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबा, अचूकता ५ मीटरच्या आत आल्यावरच बिंदू घ्या. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, नाहीतर खिशात गेलेला फोन वाट नोंदवणं मध्येच सोडतो. छोट्या तुकड्याला टेप लावून पडताळा घ्यावाच. आणि ही रेघ शेजाऱ्याशी वाद घालायला वापरू नका. हद्दीचा निवाडा सरकारी मोजणीनेच होतो.

वजनाची नोंद ओली की सुकी, हे न लिहिल्याने होणारा घोळ सगळ्यात महागडा. २२ टक्के ओलाव्याचं १०० किलो भात १४ टक्क्यांवर सुकवलं की सुमारे ९१ किलो उरतं. काजूबियांचंही तसंच: एका तुकड्याची बी वेचल्या दिवशी तोलली आणि दुसऱ्याची उन्हात सुकवून, तर तुलना फुकट. वजनाशेजारी ओलं-सुकं असा कॉलम ठेवा.

कुळागरात पोफळी, माड, मिरी, केळी एकाच जागेत असतात. तिथे प्रत्येक पिकाची वेगळी हद्द आखली तर क्षेत्र चौपट मोजलं जातं. हद्द एकच ठेवा, पिकं नोंदीच्या तक्त्यात वेगळ्या ओळींत लिहा. नारळ नगावर, बाकीचं किलोवर.