मोटारीची बॅटरी अर्धवट चार्ज राहू देऊ नका

बॅटरी फार वापरली की लवकर खराब होते, असा समज सर्वत्र आढळतो. पेट्रोल आणि डिझेलच्या मोटारींत असलेली शिसे आणि ॲसिडची १२ व्होल्टची बॅटरी मात्र वापराने जेवढी झिजते, त्याहून अधिक नुकसान तिचे अर्धवट चार्ज अवस्थेत पडून राहिल्याने आणि उष्णतेने होते. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर तयार होतो. बॅटरी लगेच पुन्हा चार्ज झाली तर हा थर नाहीसा होतो. तो आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि प्लेटांचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

म्हणून पहिले काम म्हणजे बॅटरीची खरी स्थिती जाणून घेणे. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी आणि सर्व दिवे बंद असताना दोन्ही टर्मिनलांमधील व्होल्टेज मोजावे. ते १२.६ किंवा त्याहून अधिक असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि १२ च्या खाली गेल्यास ती रिकामी होत आली आहे असे समजावे. त्यानंतर इंजिन सुरू करून पुन्हा मोजावे. आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. नव्या गाड्यांत संगणक हे व्होल्टेज गरजेनुसार कमी-जास्त करतो, त्यामुळे एकदाच आकडा वेगळा दिसला म्हणून घाबरू नये. परंतु तो सतत १३.५ च्या खाली राहत असेल किंवा १५ च्या वर जात असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि त्याचा पट्टा तपासून घ्यावा. दोष तिथे असेल तर नवी बॅटरीही थोड्याच काळात तशीच खराब होईल.

पुण्या-मुंबईसारख्या शहरांत बहुतेक गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवसेंदिवस उभ्या असतात. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक आणि संगणक थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास (बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे दोन आठवड्यांत निम्मी उतरते. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर थेट बॅटरीला जोडलेला असेल तर ती याहूनही लवकर उतरते. अशा वेळी अनेकजण खाली जाऊन दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतात. त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण मंद गतीवर अल्टरनेटर कमी वीज देतो आणि बॅटरी भरत आली की ती चार्ज फार सावकाश स्वीकारते; शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात. पूर्ण उतरलेली गाडी धक्का मारून सुरू केली आणि अर्धा तास फिरवून आणली की बॅटरी भरली, ही समजूतही याच कारणाने चुकीची आहे.

आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर चाळीस-पन्नास मिनिटे चालवावी. ते शक्य नसेल, किंवा व्होल्टेज १२.४ च्या खाली गेले असेल, तर आपोआप थांबणाऱ्या चार्जरने रात्रभर चार्ज करावे. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारे एक दशांश असावा, म्हणजे ३५ अँपिअर-तासांसाठी साडेतीन अँपिअर. महिनाभर परगावी जायचे असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावे; मात्र त्यानंतर रिमोट चालत नाही, हे लक्षात ठेवून किल्ली जवळ बाळगावी.

उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे विशेष गंभीर आहे. तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीतील रासायनिक झीज ढोबळमानाने दुप्पट होते, आणि मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे सावलीतही पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गाडी शक्य तेथे सावलीत लावावी. बॅटरीला झाकणे असतील तर मार्च ते जून दर महिन्याला पाण्याची पातळी पाहावी. प्लेटा उघड्या पडता कामा नयेत. भर फक्त डिस्टिल्ड वॉटरचीच घालावी. आरओचे किंवा एसीतून ठिबकणारे पाणी स्वच्छ दिसत असले तरी ते वापरू नये, कारण त्यातील क्षार व धातूंचे अंश प्लेटांना घातक असतात. ॲसिडही घालू नये, कारण बाष्पीभवनाने फक्त पाणी कमी झालेले असते. चार्जिंगच्या वेळी पातळी वर चढते, म्हणून वरच्या खुणेपर्यंतची भर चार्जिंगनंतरच घालावी.

टर्मिनलांवर जमणारी पांढरी-हिरवट पूड वीजप्रवाहाला अडथळा करते. ती काढताना प्रथम निगेटिव्ह टर्मिनल सोडावे आणि शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून ब्रशने घासावे, ते पाणी बॅटरीच्या आतील कप्प्यांत (सेलमध्ये) जाऊ देऊ नये, आणि कोरडे पुसून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हे काम अधिक वेळा करावे लागते. बॅटरी घट्ट बांधणारी पट्टीही याच वेळी तपासावी, कारण खड्ड्यांतील हादऱ्यांनी प्लेटांवरील लेप सुटतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून जवळ विडी, काडी किंवा ज्योत नेऊ नये. हातमोजे व चष्मा घालावा, आणि डोळ्यात ॲसिड गेल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला तिच्यासाठी नेमून दिलेल्या प्रकारचीच बॅटरी बसवावी, साधी स्वस्त मिळते म्हणून बदलू नये. पूर्ण चार्ज केल्यानंतरही दुसऱ्या दिवशी व्होल्टेज १२.४ च्या वर टिकत नसेल आणि दुकानातील लोड टेस्टमध्येही (बॅटरीवर भार टाकून केलेल्या चाचणीतही) ती कमजोर ठरली, तर ती बदलावी. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना विक्रेत्याकडेच जमा करावी. त्यातील शिसे आणि ॲसिड उघड्यावर फोडल्यास माती व पाणी विषारी होते.