चिल्का बघायचं तर दगडापासून सुरुवात करा

पुरीहून गाडी करून सातपाड्याला जायचं, डॉल्फिन बघायचे आणि संध्याकाळी हॉटेलवर परत, असं चिल्का उरकणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण ओडिशातलं हे सरोवर समजून घ्यायचं असेल तर दोन-तीन दिवस काढा, शक्यतो जानेवारीतले, आणि बॅगेत रिफ्रॅक्टोमीटर टाका. मत्स्यपालनवाले पाण्याचा खारटपणा मोजायला वापरतात तो. पाणी चाखून बघू नका. माझे विद्यार्थी चाखायचे आणि मग पोटाच्या गोळ्या शोधत मी फिरायचे.

रेल्वेनं भुवनेश्वरकडे जाताना ब्रह्मपूर मागे पडलं की उजवीकडची खिडकी पकडा. पण पहिला मुक्काम रंभाला, म्हणजे दक्षिण टोकाला. इथली बेटं खडकाची आहेत, पूर्व घाटाच्याच खडकाची. एके काळी इथे उघडी खाडी होती. किनाऱ्यालगतच्या प्रवाहानं वाळू ईशान्येकडे लोटत नेली, वाळूचा दांडा लांबत गेला आणि खाडी आत कोंडली गेली. पुस्तकातलं खाजण सरोवर ते हेच.

इथे पहिलं माप घ्या. आधी डिस्टिल्ड पाण्यानं शून्य लावा. मग काचेवर दोन थेंब टाकून झाकण हलकेच टेकवा, बुडबुडा राहिला तर पुसून पुन्हा. उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे येते ते वाचा. समुद्राचा आकडा हजारी 35 च्या आसपास असतो हे लक्षात ठेवा.

मग उत्तरेला मंगळाजोडी, पक्ष्यांची पाणथळ. दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी आणि गाळ या बाजूला उतरतो, त्यामुळे आकडा शून्याकडे घसरतो. होडी बांबूनं ढकलतात, इंजिन नाही. वाटाड्यांपैकी काही जण पूर्वी याच पक्ष्यांची शिकार करत. गॉडविट हा लांब चोचीचा पक्षी डोळ्यापर्यंत चोच चिखलात खुपसतो ते दुर्बिणीतून बघा: हा गाळ म्हणजे त्याचं ताट.

याच गाळानं आणि वाळूनं सरोवराचं समुद्राकडचं मुख मात्र कोंडलं. खारटपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. 1993 मध्ये चिल्का धोक्यातल्या पाणथळींच्या माँट्रू यादीत गेलं. सप्टेंबर 2000 मध्ये सातपाड्याजवळ दांडा कापून नवं मुख उघडलं, समुद्राचं पाणी पुन्हा खेळू लागलं, आणि 2002 मध्ये नाव त्या यादीतून निघालं.

म्हणून सातपाडा शेवटी. एकाच जागी भरतीला आणि ओहोटीला मोजा, फरक स्वतः वाचा. डॉल्फिन इरावडी जातीचे, गोल डोक्याचे, चोच नसलेले. उड्यांची आशा धरू नका, पाठ दिसते आणि 'फुस्स' ऐकू येतं. बक्षिसाच्या आशेनं नावाडी त्यांच्या मागे लागतो, तेव्हा भाडं ठरवतानाच सांगा: लांबूनच इंजिन बंद करायचं, पाठलाग करायचा नाही.