मिनी ट्रॅक्टरला उभा सायलेन्सर बसवताय? या चुका टाळा

मिनी ट्रॅक्टरचा खालून किंवा बाजूने निघणारा सायलेन्सर काढून उभा पाईप लावायचा, हे काम आता गावोगावच्या वेल्डिंग दुकानात होतं. त्यामागचं कारण खरं आहे. खालचा धूर कोरड्या रानात फुफाटा उडवतो आणि बाजूचा धूर चालकाच्या तोंडावर येतो. काम करण्यासारखंच आहे, पण लोक ते ज्या घाईने उरकतात ती बघवत नाही. बिघडलेली इंजिनं नंतर आमच्याकडेच येतात, आणि दर वेळी त्याच चुका.

पहिली गोष्ट म्हणजे, द्राक्षबागेत चालणाऱ्या ट्रॅक्टरला हे करूच नका. निफाड, दिंडोरी असो की तासगाव, बागेतल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर कंपनीने खाली ठेवला तो मांडवाखालून जाता यावं म्हणून. उभा पाईप तारांत अडकतो, काड्या मोडतो आणि गरम हवेने वरची पानं करपवतो. डाळिंबाच्या दाट बागेतही तेच. सोयाबीन, कापूस, हळद, ट्रॉलीची वाहतूक, अशा मोकळ्या कामासाठी ट्रॅक्टर असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वरून उघडा पाईप. चार सिलिंडर असोत की एक, इंजिन थांबतं तेव्हा एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो. मग पावसाचं पाणी पाईपातून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातला धूर गोळा करून पाईपात सोडणारा भाग) आणि तिथून थेट सिलिंडरमध्ये उतरतं. शेजारच्या गावातल्या एका तरुण शेतकऱ्याने हौसेने उभा पाईप लावून घेतला. झाकण नाही, डबा नाही. ट्रॅक्टर आषाढापासून अंगणात उभा. घटस्थापनेच्या सुमारास रब्बीच्या तयारीला काढला, तर स्टार्टर नुसता 'टक्' करून थांबायचा. बॅटरी बदलली, तरी तेच. मग भावकीतल्या कोणीतरी सल्ला दिला, साखळी लावून ओढा. मोठ्या ट्रॅक्टरने ओढून गिअर टाकला आणि क्लच सोडला. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्यावर आदळला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. "काका, चालू झाला होता, पण ठोकतोय," असं सांगत तो आला. हेड उतरवलं तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे पट्टे होते आणि रिंगा चिकटल्या होत्या. झाकण नसल्यामुळे सगळं इंजिन खोलावं लागलं.

अशा वेळी स्टार्टर अडला तर जोर लावायचा नाही. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढायचे आणि क्रँकची पुली हाताने फिरवायची. पाणी असेल तर नोझलच्या भोकातून उडतं, म्हणून तोंड बाजूला ठेवा. पाणी निघाल्यावर थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा हाताने फिरवा आणि पुली मोकळी फिरली तरच पुढे जा. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर तेही बदला.

पण मुळात पाणी शिरूच नये. पाईपवर बिजागरीचं झाकण लावा आणि उघडल्यावर ते धूर चालकापासून दूर फेकेल असं फिरवून बसवा. शिवाय मॅनिफोल्डमधून निघालेला बेंड आधी थोडा खाली उतरवून मगच वर न्यायचा आणि त्या सर्वांत खालच्या जागी ५-६ मिलिमीटरचं भोक पाडायचं. त्यातून किंचित धूर येतो, येऊ द्या. काजळीने ते बुजतं, म्हणून अधूनमधून तार घालायची. एवढं करूनही मी चावी काढली की पाईपवर पत्र्याचा डबा उपडा घालतोच. झाकणाची बिजागरी गंजून उघडी अडकते, हे फार वेळा पाहिलंय.

दुसरी चूक आधाराची. तीन-चार फुटांचा पाईप आणि वर सायलेन्सर, हे सगळं वजन एका फ्लँजवर (पाईप मॅनिफोल्डला नट-बोल्टने जोडणारी चकती) सोडून देतात. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन किती थरथरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाईप जितका उंच, तितका खाली ताण जास्त. मग वेल्डिंगच्या कडेला तडा जातो. लोक तडा भरून आणतात आणि पुढचा तडा त्याच्या शेजारी पडतो. तडा भरून हे थांबत नाही, आधार द्यावा लागतो. पट्टीचा ब्रॅकेट इंजिनच्याच बोल्टवर घ्या म्हणजे पाईप आणि इंजिन एकत्र हलतील. बोनेटला किंवा चासीला अजिबात बांधू नका, विशेषतः इंजिन रबर माउंटिंगवर असेल तर. बोनेटमधून पाईप काढताना चारी बाजूंनी बोटभर फट ठेवा.

काही वेल्डर फ्लँजची कटकट नको म्हणून पाईप थेट मॅनिफोल्डलाच वेल्ड करतात. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. साध्या रॉडने वेल्ड केलं की थंड होताना तो चिरतो. नवा फ्लँज कापा, नवं गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) टाका, आणि नायलॉनचे लॉकनट वापरू नका. तिथल्या उष्णतेत नायलॉन वितळतं.

पाण्याच्या जी.आय. पाईपचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाईपचे, उरलेले तुकडे वापरू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्याची वाफ होते. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. घासून थर काढला तरी आतल्या बाजूचा राहतोच. जस्त नसलेला साधा एम.एस. (माइल्ड स्टीलचा) पाईप घ्या. काळा रंग द्यायचा तर उष्णतारोधक घ्या, ऑइलपेंट जळून सोलतो.

पाईपचा आतला व्यास मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा लहान नको. इंजिन गुदमरतं, तापतं आणि काळा धूर टाकतं.

'आवाज भारी येतो' म्हणून सायलेन्सरच काढून नुसता पाईप ठेवणाऱ्यांची मला खरंच चीड येते. दिवसभर तो आवाज चालकाच्या कानावर आदळतो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे. शिवाय जळते काजळीचे कण तो बऱ्याच अंशी अडवतो. उसाच्या पाचटात किंवा कडब्याच्या गंजीजवळ नुसता पाईप लावून जाणं म्हणजे आगीला बोलावणं.

पाईपचं तोंड एअर क्लीनरपासून लांब ठेवा. डिझेलची नळी आणि वायरी पाईपपासून वीतभर दूर बांधा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. आणि पाईपची लांबी ठरवण्याआधी गोठ्याच्या दाराची उंची मोजा.

बसवून झालं की इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा, बंद करून गार होऊ द्या आणि मग फ्लँजचे नट पुन्हा आवळा. दोन-तीन दिवसांनी सांध्यावर काळी रेघ दिसली तर गॅस्केटमधून धूर गळतोय. तेव्हा नट आणखी पिळत बसू नका, फ्लँज उतरवून काचेवर ठेवून बघा. वेल्डिंगच्या उष्णतेने तो बहुतेक वेळा वाकलेला असतो. घासून सपाट केला की गळती थांबते.