कार्यक्रमात दुसऱ्या दिव्यांगासाठी बोलताना या चुका टाळा, मी केल्यात म्हणून सांगतो

मी तीनचाकीवाला, लहानपणचा पोलिओ, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. ग्रामसभा असो की लग्न, आम्हा चारपाच जणांच्या सोयीसाठी भांडायचं काम माझ्याकडंच येते, कारण तोंड माझंच चालते.

मागच्या उन्हाळ्यात एका शिबिरात रॅम्पसाठी मी सकाळपासून बोंबललो, शेवटी मंडपवाल्यानं दोन फळ्या टाकल्या, मी वर चढलो अन् खुश झालो, अन् तिकडं आमच्या गावची सिकलसेलवाली (रक्ताचा जन्मजात आजार) पोरगी दोन तास उन्हात रांगेत उभी. दिसायला धडधाकट, म्हणून कोणी खुर्ची दिली नाही. मीही मागितली नाही. रात्री तिचे हातपाय असे दुखले की दवाखान्यात न्यावं लागलं. विदर्भात सिकलसेलचे पेशंट कमी नाहीत, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत तो आहे, ऊन, तहान, दगदग झाली की दुखणं उसळते, हे सगळं मला माहीत होतं राजेहो! पण 'दिव्यांगांची सोय' म्हणताना मी माझी तीन चाकंच मोजत होतो.

तेव्हापासून आदल्या रात्री एकेकाला फोन करतो, "उद्या तुले काय लागते?" अन् हेही विचारतो की चारचौघांत काय सांगू, काय नको. पहिल्यांदा मी माईकवरच "हिला सिकलसेल आहे" बोललो असतो, लग्नाची पोरगी, गावात चर्चा झाली असती. "हिला सावलीत खुर्ची पायजे" एवढं बस होते, आजाराचं नाव कशाला.

आमच्यातल्या मूकबधिर पोराला कोणी काही विचारलं की उत्तर मीच देऊन टाकायचो. त्यानं एकदा हात धरून थांबवलं. आता त्याच्यापुढं मोबाईल धरतो, तो टाईप करते, थोडा वेळ लागते, लागू द्या.

फळ्यांचं पण ऐका. नियमानं 1 फूट चढाला 12 फूट उतार लागते, म्हणजे 2 फुटी स्टेजला 24 फूट, एवढी जागा कोणत्या मंडपात राहते? उभ्या फळीवर चौघांनी ढकलत नेलं तर पडायचीच गॅरंटी. त्यापेक्षा म्हणा, सत्कार खालीच करा, पाहुण्यांना उतरवा, त्यांचे पाय चांगले आहेत.

ऐन वेळी भांडू नका, "आधी सांगतलं असतं तं केलं असतं" हे उत्तर तयारच राहते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा काही अचानक येत नाहीत, आठ दिवस आधी अर्ज द्या अन् पोच घ्या. पैसे नाही म्हटलं तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दिव्यांगांचा 5 टक्के निधी कुठं गेला ते विचारा.

अन् बायांचं बायांनाच विचारू द्या. हे मला लई उशिरा कळलं. त्या पोरीसाठी पुढच्या वेळी मी पाण्याची कॅन बाजूलाच ठेवली, तरी ती पिईना. माझ्या बहिणीनं विचारलं तेव्हा समजलं, तिथं बाथरूमच नव्हतं.